ट्रॅक्टरला स्वतःची जागा कशी कळते?



आपोआप सरळ रेघेत चालणारा ट्रॅक्टर आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. उपग्रहाकडून किंवा जमिनीवरील केंद्राकडून आलेल्या रेडिओ लहरीला किती वेळ लागला, त्यावरून त्याचे अंतर निघते. सेकंदाच्या एक अब्जांश भागात ही लहर ३० सें.मी. जाते. घड्याळ किती काटेकोर हवे, पाहा!

पण दाट आमराईच्या कडेला लहर अडते. पत्र्याच्या शेडवर आपटून आली तर अंतर जास्त दिसते. तेव्हा उपयोगी पडतो तो जडत्वमापक. ट्रॅक्टर किती वळला, किती कलला, वेग किती बदलला हे तो बाहेरच्या मदतीवाचून मोजतो. मात्र डोळे मिटून पावले मोजावीत तशी त्याची चूक साचत जाते. वेग मोजताना दर सेकंदाला १ सें.मी. प्रतिसेकंद इतकीच चूक वाढली, तरी मिनिटभरात जागा १८ मीटर चुकते! म्हणून दोघांची सांगड घालतात. त्यासाठी बहुधा रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली मांडलेले गणित वापरतात. ज्या घटकेला ज्याचा भरवसा अधिक, त्याला वजन अधिक.

आता आपल्या कामाची गोष्ट. समजा, अँटेना टपावर ३ मीटर उंच आहे. कोळपणीच्या वेळी एक चाक सरीत उतरून ट्रॅक्टर ५ अंश कलला, तर अँटेना २६ सें.मी. बाजूला जाते. कल न मोजणारे यंत्र समजते, की ट्रॅक्टरच सरकला, आणि ते स्टिअरिंग उलट फिरवते. सोयाबीनची ओळ ४५ सें.मी.वर असेल तर पास थेट पिकात! यंत्र घेण्यापूर्वी विक्रेत्याला एक चाक सरीत घालून प्रात्यक्षिक दाखवायला सांगा.