ज्वारीच्या पानातलं ऊन



कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. वर काहिलीत उसाचा रस उकळत असतो आणि खाली चुलवाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडं धडधडून जळत असतात. रसातली साखर पानाने बनवलेली, आणि तो रस आटवणारा जाळही पानानेच साठवून ठेवलेला. दोन्हींच्या मुळाशी शेतात पडलेलं ऊन आहे. चिपाडं जळून गेली की उरते थोडीशी राख. उसाने जमिनीतून जे क्षार उचलले, ते या राखेत असतात. बाकीचं जवळजवळ सगळं हवेतून आणि पाण्यातून आलं होतं. ते वायू आणि वाफ होऊन परत हवेत गेलं.

हे मुद्दाम सांगते आहे, कारण ‘खत म्हणजे पिकाचं अन्न’ असं आपण सहज बोलून जातो. खत लागतंच. नत्र नसेल तर पान पिवळं पडतं, आणि मॅग्नेशियम तर हरितद्रव्याच्या रेणूच्या अगदी मधोमध बसलेलं असतं. पण पिकाचं अन्न पिकाचं पानच तयार करतं. आजच्या बेल्जियममध्ये राहिलेल्या व्हान हेलमाँट या शास्त्रज्ञाने एका कुंडीत सुमारे ९० किलो कोरडी माती भरली, त्यात सव्वादोन किलोंचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं त्याला नुसतं पाणी घातलं. झाड भरलं ७७ किलोंच्या आसपास. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम ५०-६० ग्रॅमनी घटली होती. १६४८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, हा प्रयोग छापला गेला. झाड पाण्यातून घडलं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो अर्धाच बरोबर होता. हवेचा वाटा लक्षात यायला पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं जावी लागली.

पानात घडतं काय? पानाच्या पेशींमध्ये हरितलवकं असतात, त्यांत हरितद्रव्य असतं. ते उन्हातला तांबडा आणि निळा भाग जास्त शोषतं. हिरवा भाग कमी शोषला जातो, म्हणून पान आपल्याला हिरवं दिसतं. शोषलेल्या प्रकाशाच्या जोरावर पाण्याचा रेणू फुटतो. त्यातला हायड्रोजन पान कामाला लावतं, ऑक्सिजन बाहेर सोडतं. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन झाडाने कार्बन डायऑक्साइड फोडून दिलेला आहे, असं पुष्कळांना वाटतं. तो पाण्यातला आहे. १९४१ मध्ये रूबेन आणि केमेन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी जड ऑक्सिजन असलेलं पाणी वापरून हे दाखवून दिलं.

हा झाला उन्हाचा भाग, आणि तो पानाला चांगला साधलेला आहे. अडचण येते ती पुढच्या भागात.

साखर बांधायची तर कर्ब हवा, आणि तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून मिळवायचा. हवेच्या १०,००० भागांत हा वायू असतो चारच्या आसपास. इतक्या विरळ वायूला पकडण्याचं काम पानातलं एक विकर करतं. त्याचं नाव रुबिस्को. ते संथ आहे. एका सेकंदात दोन-चार रेणूच जुळवतं. म्हणून पानाला ते ढिगाने बनवून ठेवावं लागतं. शिवाय ते चुकतं. कार्बन डायऑक्साइडच्या जागी अधूनमधून ऑक्सिजनच धरून बसतं. भात, गहू, हरभरा, सोयाबीन यांच्या पानांत २५ अंश तापमानाला साधारण तीन-चार वेळा बरोबर काम झालं की एकदा ही चूक होते, आणि ऊन तापेल तशी ती वाढत जाते. प्रत्येक चुकीमागे कमावलेला थोडा कर्ब परत हवेत जातो आणि निस्तरण्यात ऊर्जाही खर्ची पडते. रुबिस्को घडलं अब्जावधी वर्षांपूर्वी. त्या काळी हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हताच, त्यामुळे चुकायला वावच नव्हता. पुढे हवेत ऑक्सिजन भरला, तो प्रकाशसंश्लेषणानेच.

दुसरी अडचण पाण्याची. पानाला, बहुतेक करून त्याच्या खालच्या अंगाला, बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. वायू आत येतो तो तिथूनच आणि पानातली वाफ बाहेर जाते तीही तिथूनच. घराचं दार उघडं ठेवलं तर वारा येतो, पण वस्तूही उचलल्या जातात. दार लावलं तर सगळं शाबूत, पण आत गुदमरायला होतं. भर दुपारी प्रत्येक झाडापुढे हा पेच असतो. रंध्रं मिटली तर पानातला कार्बन डायऑक्साइड संपत येतो, ऑक्सिजन वाढतो, आणि रुबिस्कोच्या चुका आणखी होतात.

इथे मला ज्वारीकडे वळायचं आहे.

ज्वारीचं किंवा मक्याचं पान उन्हासमोर धरून बघा. शिरा अगदी जवळजवळ, एकीला एक लागून गेलेल्या दिसतील. त्याच पानाचा पातळ आडवा काप शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर प्रत्येक शिरेभोवती गडद हिरव्या, मोठ्या पेशींचं कडं दिसतं. भाताच्या पानात असं ठसठशीत कडं नसतं. ज्वारीने कामाची वाटणी करून टाकली आहे. बाहेरच्या पेशींत दुसरं एक विकर असतं. ते ऑक्सिजनला धरतच नाही. ते कर्ब पकडून चार कर्बांचं आम्ल बनवतं. हे आम्ल आतल्या कड्यात जातं, तिथे कार्बन डायऑक्साइड सुटा होतो आणि इतका दाटतो की रुबिस्कोला चुकायला फारशी संधी उरत नाही. या वाहतुकीला जादा ऊर्जा लागते खरी, पण आपल्याकडे उन्हाला काय तोटा!

याचा शोध उसातच लागला, हे मला फार समर्पक वाटतं. कॅलिफोर्नियात मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कर्ब वापरून हिरव्या शेवाळातला कर्बाचा मार्ग शोधून काढला होता. शेवाळाला काही सेकंदच तो कर्ब द्यायचा, लगेच गरम अल्कोहोलमध्ये सोडून सगळं थांबवायचं, आणि कर्ब कोणत्या पदार्थात सापडतो ते पाहायचं. तो तीन कर्बांच्या आम्लात सापडला. कॅल्विन यांना १९६१ चं नोबेल मिळालं. पण हवाईमधल्या ऊस संशोधकांना उसाच्या पानात पहिल्यांदा दिसत होतं ते चार कर्बांचं आम्ल. ऑस्ट्रेलियातल्या हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये त्याचा उलगडा केला. तेव्हापासून ऊस, ज्वारी, बाजरी, मका, नाचणी ही सी-४ पिकं, आणि भात, गहू, तूर, हरभरा, कापूस ही सी-३.

सी-४ झाडाला रंध्रं थोडी उघडली तरी भागतं. एक किलो कोरडा भार तयार करताना ज्वारी साधारण ३०० लिटर पाणी हवेत सोडते; गव्हा-भाताला त्याच्या दीडपट ते दुप्पट लागतं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात शाळू नुसत्या मुरलेल्या ओलीवर उभा राहतो, त्यात खोल मुळांचा आणि जमिनीचा वाटा आहे, तसा पानाच्या या रचनेचाही आहे. मग ऊस एवढं पाणी का पितो, असं कोणी विचारील. किलोमागे तोही काटकसरीच आहे. पण आडसाली ऊस १६ ते १८ महिने रानात उभा असतो आणि एकरी टनांनी भार उभा करतो. त्या भाराचं पाणी टळत नाही. हराळी आणि लव्हाळा ही तणंही सी-४ आहेत. तापल्या रानात सोयाबीन मान टाकतं आणि हराळी पसरत राहते, याचं एक कारण हे.

तिसरीही एक तऱ्हा आहे, पानफुटीची. दक्षिण भारतात काम केलेल्या बेंजामिन हायने या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ च्या एका पत्रात लिहिलं की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारी बेचव. तुम्ही मात्र चव घेऊ नका. या पानांत विषारी द्रव्यं असतात. त्या आंबटपणाचा अर्थ नंतर लागला. पानफुटी, निवडुंग, अननस रात्री गारव्यात रंध्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात, आणि दिवसा रंध्रं मिटून उन्हात त्याची साखर करतात. अशी झाडं रात्री ऑक्सिजन देतात असं समजून हल्ली ती झोपायच्या खोलीत ठेवली जातात. पिंपळाबद्दलही असंच सांगतात. ऑक्सिजन पाणी फुटल्यावरच निघतो आणि पाणी फोडायला प्रकाश लागतो. रात्री ऑक्सिजन देणारं झाड नाही. ज्यांना पिंपळाची पूजा करायची आहे, त्यांना या खोट्या आधाराची गरज नाही.

जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात हायड्रिला या पाणवनस्पतीवर बरंच काम केलं आणि १९२४ मध्ये प्रकाशसंश्लेषणावर ग्रंथ लिहिला. उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्यापेक्षा निराळी वागते, तिच्यात आम्ल साठतं, हे त्यांनी नोंदवून ठेवलं होतं. हॅच आणि स्लॅक यांच्या चाळीस वर्षं आधी! त्या नोंदीचं मोल कळायला मात्र फार उशीर झाला.

आज प्रश्न आहे तो भाताचा. अर्ध्या जगाचं पोट त्यावर, आणि पान सी-३. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पुढाकार घेतला, आणि गेली पंधराहून अधिक वर्षं अनेक देशांतले शास्त्रज्ञ भाताला सी-४ करू पाहत आहेत. मक्याची पाच जनुकं एकत्र घातलेली भाताची रोपं तयार झाली आहेत आणि त्यांच्यात चार कर्बांचं आम्ल थोड्या प्रमाणात बनतंही. पण नुसती विकरं घालून भागत नाही. शिरा जवळ याव्या लागतात, कड्यातल्या पेशी मोठ्या आणि हरितलवकांनी भरलेल्या असाव्या लागतात. गवतांनी, माठाने, घोळीने, निरनिराळ्या कुळांतल्या झाडांनी हे स्वतंत्रपणे साठाहून अधिक वेळा जमवलं आहे, म्हणजे वाट अशक्य नाही. शिरांमधलं अंतर कोणती जनुकं ठरवतात, यावर सध्या प्रयोगशाळांमध्ये काम चालू आहे.