बाळंतपणाला ओळखीचं माणूस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात मी आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली. निवृत्तीआधी काही वर्षं आरोग्य सहायिका होते. खेड्यातल्या बाळंतपणाचा विषय निघाला की लोक आधी दवाखान्याबद्दल विचारतात. इमारत आहे का, डॉक्टर आहेत का, गाडी मिळते का? हे सगळं लागतंच. पण दवाखाना असूनही बाई तिथे का जात नव्हती आणि पुढे का जायला लागली, याचं उत्तर बऱ्याच अंशी गावातल्याच एका बाईपाशी आहे. तिला आपण आशाताई म्हणतो.

आधी थोडे आकडे सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात शंभरातली साधारण ६५ बाळंतपणं दवाखान्यात होत. २०१९-२१ च्या पाहणीत ती जवळजवळ ९५ झाली. एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००४-०६ मध्ये १३० होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. याचं सगळं श्रेय आशांना देऊन मी मोकळी होणार नाही. रस्ते झाले, मुली शिकल्या, घरोघर मोबाइल आले, २०१४ पासून १०८ ची गाडी फिरू लागली. पण गाडीला फोन कुणी करायचा आणि सासूने उंबऱ्यात अडवलं तर तिच्याशी कुणी बोलायचं?

आशा ही योजना २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. साधारण हजार वस्तीमागे एक बाई, त्याच गावची. बहुतेक ठिकाणी ती गावची सूनच असते, कारण लेक लग्न होऊन जाते. ती सरकारी नोकर नाही. कामागणिक मोबदला मिळतो. कल्पना मात्र त्याहून जुनी. आमच्या शेजारच्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांनाच शिकवून आरोग्याचं काम उभं केलं. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांकडून नवजात बाळांची घरीच काळजी घेऊन दाखवली, आणि १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. आज बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत आशा ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळाचं वजन करते, ताप बघते, त्याचं मूळ तिथे आहे.

आता घरात काय होतं ते सांगते. आमच्याकडे एक वाक्य मी किती उंबऱ्यांवर ऐकलं असेल! “मला चार झाली, चारी घरीच झाली. हिलाच काय धाड भरली?” सासू हे दुष्टपणाने म्हणत नाही. तिची चार वाचली, म्हणून ती बोलायला समोर बसलेली असते. जी वाचली नाही, ती सांगायला येत नाही. नर्सबाईने रक्तदाबाचं आणि हिमोग्लोबिनचं व्याख्यान दिलं तर सासू मान डोलावते आणि आत जाते. आशा वेगळं बोलते. ती म्हणते, “मामी, म्हशीची धार मी काढायला लावते माझ्या पोराला, तुम्ही हिच्याबरोबर चला.” कारण खरी अडचण पुष्कळदा म्हशीचीच असते. घरातल्या दोन बाया दवाखान्यात गेल्या तर गुरांचं कोण बघणार, थोरल्या पोराला भाकरी कोण देणार? हे प्रश्न कुठल्याच तक्त्यात नसतात.

दुसरी अडचण सिझरची. “तिथं नेलं की पोट फाडतेत” हे गावात पक्कं बसलेलं असतं. आणि तिसरी, जिच्याबद्दल बायका सहसा बोलत नाहीत, ती अपमानाची. एका सरकारी दवाखान्यात, नाव घेत नाही, कळा देणाऱ्या मुलीला मी असं काही ऐकवलेलं ऐकलं आहे, की इथे सांगता येणार नाही. ती मुलगी पुन्हा त्या दारात पाऊल ठेवेल का? तिची जाऊ तरी ठेवेल का? अशा वेळी आशा शेजारी उभी असली, तिने नुसता हात धरला, “ही आमच्या गावची आहे” म्हणाली, तरी पुढच्या माणसाचा आवाज उतरतो. रात्री दोन वाजता अनोळखी वॉर्डात गरम पाणी कुठे मिळतं, कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा, हे तिला ठाऊक असतं. औषध महत्त्वाचं आहेच. पण औषधापर्यंत बाई पोचते ती अशी.

आता आपल्या रिवाजाचा एक पेच बघा. पहिलं बाळंतपण माहेरी. आशा बाराव्या आठवड्याच्या आत नोंद करते, लोहाच्या गोळ्या देते, त्या खरंच पोटात जातात की पत्र्याच्या डब्यात, यावर नजर ठेवते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं आणि मुलगी माहेरी जाते. तिथली आशा तिला लग्नाआधीची म्हणून ओळखते, पण तिचा रक्तदाब मागच्या महिन्यात किती होता हे तिला कुठून कळणार? कार्ड सासरी कपाटात राहिलेलं असतं. हुशार आशा अशा वेळी दुसऱ्या गावच्या आशेला स्वतः फोन करते. त्या फोनचा मोबदला नाही. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात आशेला प्रसूतीपूर्व सेवेचे ३०० आणि दवाखान्यातल्या प्रसूतीचे ३०० रुपये ठरले, तेही पात्र कुटुंबातल्या बाईसाठी. समजूत घालायला घातलेल्या सहा फेऱ्या कुठे लिहायच्या?

माहेरचं एक वेळ निभतं. आमच्या भागातलं खरं दुखणं ऊसतोडीचं आहे. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल आधीच घेतलेली असते, आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. त्यामुळे दिवस भरत आलेली बाईसुद्धा पहाटे फडात उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढते. तपासणीला जायचं म्हणजे दोघांचा कोयता मोडतो. गावच्या रजिस्टरमध्ये तिच्यापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. कारखान्याच्या गावच्या आशेला कोप्यांत कोण राहायला आलं हे महिनाभर कळत नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. त्या बायकांच्या पोटदुखीची सुरुवात अनेकदा अशाच, विश्रांतीवाचून उरकलेल्या बाळंतपणात असते, असं माझं मत आहे.

माझ्या माहितीतल्या एका आशेने यावर साधा उपाय काढला होता. टोळी निघायच्या आठवड्यात ती मुकादमाच्या घरी जायची. गरोदर बायांची यादी करून त्यालाच द्यायची आणि म्हणायची, “या चार बाया तुमच्या अंगावर.” मुकादमाला ते आवडायचं नाही. पण यादी गावासमोर दिलेली असायची, त्यामुळे फोन उचलावा लागायचा.

आशांवर आपण बरीच ओझी टाकली. करोनाच्या काळात त्या दारोदार फिरल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला. गौरवपत्राने किराणा भरता येत नाही, हे आपल्या लक्षात यायला इतका वेळ का लागतो, कोण जाणे!

शेवटी ऊसतोडीला किंवा माहेरी निघालेल्या मैत्रिणींसाठी. माता व बाल संरक्षण कार्ड घरी ठेवू नका, कोयत्याच्या गाठोड्यात बांधा. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात कुठल्याही जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे. सिझर, रक्त, औषधं, तपासण्या, जेवण आणि घरी सोडणारी गाडी, सगळं त्यात आलं. कुणी रेशनकार्ड कुठलं म्हणून अडवलं, तर हे सांगा. डोकं सारखं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, अंगावरून रक्त, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर फड संपायची वाट बघू नका. फोन नसेल तर मुकादमाचा मागून घ्या. १०८ ला पैसे लागत नाहीत. आणि तळावर पोचलात की पहिल्या दिवशी एवढंच विचारा, इथली आशा कुठे राहते?