क्षेत्राभ्यासाचे पाच तास



पर्यावरण हा विषय आपल्या महाविद्यालयांत न्यायालयाच्या आदेशाने आला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो शिकविण्याचा निर्देश दिला. पुढे कित्येक वर्षे फारसे काही घडले नाही. २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजवावे लागले, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी सहामाही अनिवार्य अभ्यासक्रम लागू केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी सिद्ध केले.

त्या अभ्यासक्रमात पन्नास व्याख्याने होती. त्यांतील पाच तास क्षेत्राभ्यासाचे. विद्यार्थ्याने जवळची नदी, वन, माळरान वा डोंगर पाहावा, तेथील संपदेची नोंद करावी, आणि त्याला शंभरांपैकी पंचवीस गुण मिळावेत. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात हे पंचवीस गुण कोठून येतात, हे घरात पदवीधर असलेल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. ओझोनच्या थरावरील प्रकल्प एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरतो आणि महाविद्यालयामागून वाहणाऱ्या ओढ्याचे नावही कोणाला सांगता येत नाही.

खरा क्षेत्राभ्यास कसा असतो? १९७० च्या दशकात डॉ. माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवराया पायी हिंडून अभ्यासल्या. १९७६ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. देवाचे म्हणून राखलेले हे रान झऱ्यांचे, वेलींचे, औषधींचे आश्रयस्थान आहे, हे विद्याजगताच्या तेव्हा ध्यानी आले. गावकऱ्यांना ते सांगावे लागले नव्हते. परंतु केवळ अभिमान बाळगून भागणार नाही. आज अनेक देवरायांवर कुऱ्हाड पडते ती जीर्णोद्धाराच्या नावाखाली. सिमेंटचा सभामंडप उभारायचा, म्हणून त्याच देवाची झाडे तोडायची! ही गोष्ट आपल्यातील श्रद्धावंतांनीच उघडपणे बोलली पाहिजे.

विद्यापीठांच्या हातून करण्याजोगे एक काम कायद्यानेच दाखविले आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहे. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घालताच अनेक ठिकाणी नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. कागद पूर्ण झाला. गावाचे ज्ञान मात्र बाहेरच राहिले.

एकीकडे विद्यार्थ्याला विषय हवा आहे, दुसरीकडे गावाला नोंद हवी आहे. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी झाडाचे शास्त्रीय नाव सांगेल, त्या झाडाची साल कोणत्या दुखण्यावर उगाळतात हे गावातील आजी सांगतील. वाणिज्य शाखेच्या मुलाने हिरडा वा कोकमाला बाजारात काय भाव मिळतो आणि गोळा करणाऱ्याच्या हाती किती पडतो, याचा हिशेब मांडावा. कलाशाखेच्या मुलीने राईचे जुने दंडक आणि तंटे लिहून घ्यावेत. (पर्यावरण म्हणजे केवळ विज्ञानशाखेचे प्रकरण, ही समजूत तरी त्यामुळे जाईल.)

आयोगाने २०२३ मध्ये पदवीसाठी पर्यावरण शिक्षणाचा नवा आराखडा दिला. त्यात किमान चार श्रेयांक आहेत, त्यामुळे सवड नाही ही सबब उरत नाही. फक्त एक अट विद्यापीठांनी घालावी. विद्यार्थ्याने केलेली नोंद आधी ग्रामसभेत वाचली जावी, तिच्यातील चुका गावकऱ्यांनी दुरुस्त कराव्यात, एक प्रत समितीच्या दप्तरी राहावी. गुण त्यानंतर द्यावेत.