लिहिता न येणाऱ्या बाईची पुण्यतिथी

(बहिणाबाई चौधरी यांच्या पुण्यतिथीस देवपूर येथे खेड्यातील एका शिक्षकाने केलेले भाषण)



दिवसभर कापूस वेचून आपण येथे जमला आहात. कित्येक बायांच्या बोटांवर बोंडांचे ओरखडे अजून ओले आहेत. तेव्हा मी फार वेळ घेणार नाही. जे सांगावयाचे ते सरळ सांगेन, आणि त्यात माझी एक चूकही आपल्यापुढे कबूल करीन.

आज 3 डिसेंबर. 1951 साली याच तारखेस बहिणाबाई जळगावी वारल्या. जन्म 1880 सालचा, जळगावजवळच्या असोदे गावी, महाजनांच्या शेतकरी घरात. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावास चौधऱ्यांच्या घरी आल्या. तिशीत कपाळाचे कुंकू गेले. पुढचा सारा जन्म शेत, चूल, जाते आणि लेकरे यांत गेला. आपल्या घरोघर जी बाई आहे, तीच ही बाई. फरक एवढाच की हिच्या तोंडची गाणी कागदावर आली आणि आपल्या आयांच्या तोंडची आली नाहीत. या फरकाविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

प्रथम एका शंकेचा निकाल लावू. काही शहाणे लोक विचारतात, ‘जिला सहीसुद्धा करता येत नव्हती, ती ग्रंथकर्ती कशी?’ या प्रश्नास उत्तर धुळ्यातच आहे, लांब जावयास नको. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत, आणि साने गुरुजी ते बोलणे उतरून घेत. त्यातून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ झाला. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा. तरी तो ग्रंथ विनोबांचाच, असे सारे जग म्हणते आणि ते बरोबरही आहे. मग बहिणाबाई बोलल्या आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी लिहून घेतले, तेव्हाच मात्र शंका का यावी? तुरुंगातील प्रवचन हा ग्रंथ, आणि जात्यावरचे बोलणे म्हणजे नुसती बायकांची बडबड, असा न्याय कोणी लावला? जो न्याय शास्त्रीबुवांना, तोच न्याय दळणाऱ्या बाईला.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. दरसाल या दिवशी वक्ते उठतात आणि सांगतात, ‘पाहा, बाई अडाणी होती, तरी केवढी थोर!’ लोक टाळ्या वाजवतात. मला या टाळ्यांची भीती वाटते. कारण त्या ऐकून घरचा कर्ता मनात म्हणतो, ‘बहिणाबाई कोठे शिकली होती? मग आपल्या पोरीला तरी शाळेची काय गरज?’ बांधवांनो, निरक्षर असणे हा बहिणाबाईंचा गुण नव्हता. तो त्यांच्यावर झालेला अन्याय होता. त्या थोर झाल्या त्या अक्षर नसल्यामुळे नव्हे, तर अक्षर नसतानाही.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती 1848 साली. बहिणाबाई जन्मल्या तेव्हा त्या गोष्टीस 32 वर्षे होऊन गेली होती. पण ती शाळा असोद्याच्या शेतकऱ्याच्या मुलीपर्यंत पोहोचली नव्हती. याचा परिणाम काय झाला तो पाहा. सावित्रीबाईंना अक्षर मिळाले, तेव्हा 1854 साली त्यांचे ‘काव्यफुले’ हे पुस्तक निघाले आणि ते त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने आली 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर. मधे 98 वर्षे गेली. एकीने आपले पुस्तक हातात धरले. दुसरीने ते पाहिलेच नाही. दोघीही आपल्याच घरच्या बाया. अंतर फक्त अक्षराचे.

आणि ती गाणी तरी वाचली कशी? घरातला एक मुलगा शाळेत गेला होता म्हणून. सोपानदेव शिकले, स्वतः कवी झाले. त्यांना आईच्या बोलीची लाज वाटली असती, तर ती वही पेटीतच राहिली असती. आईच्या पश्चात ती वही त्यांनी आचार्य अत्र्यांपुढे ठेवली. अत्र्यांनी तिचे मोल ओळखले, पुढाकार घेतला आणि प्रस्तावना लिहिली. पहिल्या आवृत्तीत अवघी 35 गाणी होती. मन, संसार, पेरणी, सुगरणीचा खोपा, असे आपल्या रोजच्या पाहण्यातले विषय. या 35 गाण्यांवर सारा महाराष्ट्र डोलला. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचे जे विद्यापीठ, त्यास 2018 साली याच बाईचे नाव मिळाले. जिला अ काढता आला नाही, तिच्या नावाचा शिक्का आज आपल्या मुलांच्या पदवीवर उमटतो.

परंतु विचार करा. जी उतरून घेतली ती राहिली. पहाटे दळता दळता आलेली, खळ्यावर आलेली, जवळ कोणी लिहिणारा नसताना आलेली गाणी किती असतील? ती पिठाबरोबर गेली. आणि हे ज्या घरी लिहिणारा मुलगा होता त्या घरचे. ज्या घरी कोणीच नव्हता, तेथले काय?

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच वारले. त्यांनी गावोगाव पायपीट करून जुने कागद जमविले. ते काम मोठे आहे. त्यास नावे ठेवावयास मी उभा नाही. पण कागद त्याच घरी सापडतो, ज्या घरी लिहिणारा होता. देशमुखाच्या वाड्यात सापडतो, कुळकर्ण्याच्या दप्तरात सापडतो. कुंभाराच्या चाकाजवळ, लोहाराच्या भात्याजवळ, भिल्लाच्या झोपडीत कागद कोठून सापडणार? आमचे दप्तर तोंडात होते. आणि तोंडातल्या दप्तराचा एक दोष असा की, म्हातारी गेली की ते तिच्याबरोबर सरणावर जाते. कागदास वाळवी लागली तरी अर्धामुर्धा उरतो. येथे काहीच उरत नाही.

आता माझी चूक सांगतो.

मी शेतकऱ्याच्या घरचा. घरात आम्ही अहिराणी बोलतो. लहानपणी शाळेत अहिराणी तोंडातून निघाली म्हणून मी छड्या खाल्ल्या आहेत. पुढे अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलो, तेव्हा शुद्ध भाषा शिकविणे हेच शिक्षकाचे पहिले कर्तव्य, अशी माझी पक्की समजूत झाली होती. छडी मी उचलली नाही. पण माझ्या हातात लाल शाई होती.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ‘माझी आजी’ या विषयावर मी मुलांस निबंध लिहावयास सांगितला. एका मुलीने निबंध लिहिलाच नाही. आजी आखाजीला झोक्यावर म्हणते ती गाणी तिने आजीजवळ बसून, जशीच्या तशी, पानभर उतरून आणली. मी ते पान पाहिले. अहिराणी शब्दाखाली लाल रेघ, पुन्हा शब्द, पुन्हा रेघ. सारे पान लाल केले आणि खाली लिहिले, ‘विषय सोडून. अशुद्ध.’ मुलगी काही बोलली नाही. पुढे त्या वहीत तिने एक शब्द अधिक लिहिला नाही.

काही दिवसांनी म्हातारी बाजाराच्या वाटेवर भेटली. रागावली नाही. एवढेच म्हणाली, ‘गुरुजी, हाई गानं मनी मायनं शे.’ म्हणजे ते गाणे तिचेही नव्हते. तिच्या आईचे होते आणि त्या आईकडे कोठून आले कोण जाणे. इतक्या पिढ्या तोंडातोंडाने चालत आलेली वस्तू प्रथमच कागदावर उतरली होती, आणि मी ती अशुद्ध ठरविली होती. मी हसून वेळ मारून नेली. त्याच हिवाळ्यात म्हातारी वारली. मग मला जाग आली. मी त्या मुलीकडे वही मागितली. वही रद्दीत गेली होती. ‘आठवते का काही?’ म्हणून विचारले. तिने मान हलविली. आठवत नव्हते, की मला सांगावयाचे नव्हते, हे मला आजही ठाऊक नाही.

मायबहिणींनो, बहिणाबाईंच्या तसबिरीस हार घालताना माझा हात दरवर्षी थोडा थांबतो तो यामुळे. सोपानदेवांच्या जागी मी असतो, तर ती गाणी जगली असती काय?

माझ्याच धंद्यातल्या एका माणसाने याच भागात निराळे वर्तन केले होते. साने गुरुजी 1924 पासून 1930 पर्यंत अमळनेरास शिक्षक होते. बायकांच्या ओव्या त्यांनी आदराने जमविल्या, त्यांचा अर्थ उकलून सांगितला आणि ‘स्त्री जीवन’ या नावाने त्या छापून आल्या. पुढे पुण्याकडील हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अनेक वर्षे खेडी पालथी घालून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. गी पॉइटवाँ हे तर जन्माने फ्रेंच. समुद्रापलीकडचा माणूस आमच्या आयांच्या ओसरीवर येऊन बसला, आणि आम्ही घरचे मात्र त्यांना ‘गप बस, टीव्ही लागला आहे’ म्हणतो.

कोणी म्हणेल, ‘मास्तर, कापसाला भाव नाही, कर्ज डोक्यावर आहे, आणि तुम्ही गाणी काय लिहावयास सांगता? गाण्याने पोट भरते काय?’ प्रश्न रास्त आहे. गाण्याने पोट भरत नाही. पण ज्याला आपल्या आईचे शब्द कागदावर नीट मांडता येतात, त्यालाच व्यापाऱ्याच्या पट्टीवरील आकडा आणि बँकेच्या कागदावरील अट नीट वाचता येते. आणि आपल्या बोलीची लाज ज्याच्या मनातून गेली, तो कचेरीत साहेबापुढे मान खाली घालून उभा राहत नाही. जोतीरावांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो शेतकऱ्याचे दुःख त्यास लुबाडणाऱ्याच्या नव्हे, तर शेतकऱ्याच्या बाजूने लिहिले जावे म्हणूनच. त्यांची पुण्यतिथी 28 नोव्हेंबरला झाली. बाबासाहेबांची 6 डिसेंबरला आहे. या दोन तारखांच्या मधे बहिणाबाईंची येते. तिन्ही दिवसांचा सांगावा एकच: आपले आपण वाचा, आपले आपण लिहा.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत.

पहिली. पुढील वर्षी या व्यासपीठावर भाषणे शेवटी ठेवावी, आणि तीही थोडी. खुर्चीवर गावच्या म्हाताऱ्यांस बसवावे. आखाजीची, कानबाईची, हळद दळतानाची, तान्ह्याला निजवतानाची, जी येत असतील ती गाणी त्यांनी म्हणावी. आम्ही खाली बसून ऐकावे.

दुसरी. हार, नारळ आणि मांडव यांचा खर्च निम्मा करावा, व उरलेल्या पैशांच्या वह्या घ्याव्या. घरटी एक वही. घरातील मुलाने वा मुलीने आजीचे गाणे तिच्याच बोलीत लिहावे. कोणाचे, कोणत्या गावचे, केव्हा म्हणतात, तेही लिहावे. मोबाइल घरोघर आहे. त्यात आवाजही धरून ठेवावा. पण वही सोडू नये. आणि त्या वहीस कोणत्याही शिक्षकाची लाल शाई लागू नये. ती अट मी प्रथम माझ्यावर घालून घेतो.

तिसरी. हे काम पाटलाच्या ओसरीपुरते राहू नये. सुतार, लोहार, चांभार, कुंभार यांच्या घरी, मांगवाड्यात, भिल्लांच्या वस्तीत, जेथे जेथे म्हातारी आहे तेथे वही गेली पाहिजे. गाण्यास विटाळ नसतो.

चौथी सूचना कडू आहे. ज्या घराने यंदा आपली मुलगी शाळेतून काढून लग्नास उभी केली, त्या घरच्या कर्त्याने या तसबिरीस हार घालू नये. तेराव्या वर्षी बोहल्यावर चढविलेल्या बाईची पुण्यतिथी आपण करतो आणि तिची वाट पुन्हा आपल्या लेकीला दाखवितो, ही तिची थट्टा आहे. मुलगी शाळेत परत घाला आणि मग खुशाल हार घेऊन या. मी स्वतः तो तुमच्या हाती देईन.

एवढे बोलून मी खाली बसणार होतो. पण त्या कोपऱ्यात, खांबाला टेकून, एक आजी मघापासून ओठ हलवीत बसल्या आहेत, त्या मला दिसत आहेत. आई, पुढच्या वर्षाची वाट कशाला पाहावयाची? आपण पुढे या. वही आणि पेन्सिल मी आणली आहे. आपण म्हणा, मी लिहून घेतो.