केसांखालची जखम झाकू नका

४ डिसेंबर २०२४ ची सकाळ आठवते ना? तेलंगणात मुलुगूकडे ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि आपल्या पूर्व विदर्भातही धक्का जाणवला. आपण घाबरलो, मग कामाला लागलो. किल्लारीच्या बायांना तसं करता आलं नाही. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. झोपलेल्या माणसांवर दगडमातीच्या जाड भिंती आणि धाबी कोसळली. हजारो माणसं गेली, हजारो जखमी झाली.

आपल्याकडे धाबं नसेल, पण मातीच्या भिंती आणि कवेलू आहेतच. मागे पावसात आमच्या गटातल्या काकूंच्या डोक्यावर कवेलू पडलं. आम्हीच हळद भरली, पदर बांधला. रक्त थांबलं, आम्हाला वाटलं झालं. चौथ्या दिवशी वास यायला लागला, ताप चढला. डॉक्टरांनी केस कापले तर आत माती आणि कवेलूचा तुकडा! चूक आमचीच होती.

डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो. म्हणून लहान जखमही खूप वाहते, आणि रक्त थांबलं की आपण निर्धास्त होतो. घाण मात्र केसांत लपून राहते.

तर आधी स्वच्छ कापडाने दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, सारखं उघडून बघू नका. हाड खचल्यासारखं लागलं किंवा काही रुतलेलं असलं, तर दाबू नका, उपसू नका, धुऊही नका. सैल झाकून १०८ ला फोन करा. साधी जखम असेल तर रक्त थांबल्यावर उकळून थंड केलेलं पाणी भरपूर ओता. भोवतीचे केस कात्रीने कापा, वस्तरा नको. केस परत येतात, बाई. हळद, चुना, तंबाखू, राख, शेण काही भरू नका. मग दवाखान्यात जाच, टाके तिथेच पडतील.

नंतर पू, वास, ताप, डोळ्यांभोवती सूज दिसली तर थांबू नका. उलट्या, गुंगी किंवा नाका-कानातून पाणी आलं तर त्याच क्षणी निघा.

आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. आपल्यापैकी कितीतरी जणींनी ते शेवटचं गरोदरपणी घेतलं. मातीची जखम झाली आणि त्याला पाच वर्षं उलटून गेली असली, तर पुन्हा घ्यावं लागतं. तुमचं कधी झालं होतं, ते आज आशाताईजवळ लिहून ठेवा.