सगळे पार्ट सीई, तरी पॅनेल नापास?

आजचा भाग पॅनेल बनवणाऱ्यांसाठी, मशीन एक्स्पोर्ट करणाऱ्यांसाठी, आणि ‘सगळे पार्ट सर्टिफाइड आहेत, आता कसलं टेन्शन’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकासाठी.

एक प्रसंग सांगतो. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये जर्मनीला जाणारं पॅकिंग मशीन तयार होतं. ड्राइव्ह, पीएलसी, एसएमपीएस, वजनाचा ट्रान्समीटर, सगळ्यांवर सीईचा शिक्का. कंटेनर बुक झालेला. आणि ट्रायलला मोटर सुरू केली की वजनाचा आकडा नाचायचा. मोटर बंद, आकडा स्थिर. मालक म्हणाले, “अहो, एकही पार्ट साधा घेतलेला नाही. मग हे काय?”

गंमत अशी, की त्यातला एकही पार्ट खोटा नव्हता. ड्राइव्हची चाचणी झाली होती ती त्याच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या अटींवर: शिल्ड केबल, ठरावीक लांबी, धातूची प्लेट, ठरलेला फिल्टर. आपण अटी बदलल्या, की तो निकाल आपल्या पॅनेलला लागू होत नाही. शिवाय गोंगाटाची बेरीज होते. मर्यादेच्या जेमतेम 3 डेसिबल खाली पास झालेले तीन ड्राइव्ह एकाच पॅनेलमध्ये बसवले, तर एकत्रित पातळी मर्यादेच्या वर जाऊ शकते.

आता आपल्या पॅनेलमध्ये काय झालं होतं बघा. मोटर केबलच्या शिल्डला पीळ देऊन, दहा सेंटिमीटरची शेपटी काढून ती अर्थ टर्मिनलला जोडली होती. मल्टिमीटर लावला तर शून्य ओहम. वायरमन म्हणणार, अर्थिंग एकदम ओके. पण त्या शेपटीचं इंडक्टन्स साधारण 100 नॅनोहेन्री. 30 मेगाहर्ट्झला तीच शेपटी जवळपास 19 ओहम होते. म्हणजे ड्राइव्हच्या गोंगाटाला परतीची वाट अवघड झाली. मग तो मिळेल तिकडून जातो. आणि शेजारच्याच डक्टमध्ये लोड सेलची केबल! 10 किलोला 20 मिलिव्होल्ट देणारा लोड सेल, म्हणजे एका ग्रॅमला फक्त 2 मायक्रोव्होल्ट. आकडा नाचणार नाही तर काय?

उपाय साधेच होते. शेपटी काढून शिल्डला चारी बाजूंनी धरणारा क्लॅम्प लावला. फिल्टरखालचा रंग खरवडून धातूला धातू भिडवला. फिल्टरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या वायरी एकाच जुडग्यात होत्या, त्या वेगळ्या केल्या, नाहीतर गोंगाट फिल्टरला वळसा घालून जातो. लोड सेलची केबल लांबून फिरवली. आकडा स्थिर झाला.

मालक म्हणाले, “झालं, आता पाठवू.” मी म्हटलं, थांबा. आपल्या काट्याला त्रास होत नाही, एवढंच कळलंय. मशीन बाहेर किती गोंगाट फेकतंय, हे डोळ्यांना दिसत नाही. आणि बाहेरून स्टॅटिकचा झटका किंवा वॉकीटॉकीचा सिग्नल आला, तर ते तग धरेल का, हेही अजून कळलेलं नाही.

इथे कायदा येतो. युरोपचा ईएमसी निर्देश, 2014/30/ईयू, ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या तयार मशीनबद्दल विचारतो. त्यात उत्पादकाने स्वतः ईएमसीचं मूल्यमापन करायचं असतं, मशीनच्या सगळ्या नेहमीच्या वापराच्या परिस्थिती धरून. कागदपत्रं 10 वर्षं जपायची. पार्ट बनवणाऱ्यांची डिक्लरेशन्स हा त्या फाइलचा आधार आहे, ती फाइल नव्हे. सीई अधिक सीई बरोबर सीई, हे गणित तिथे आपोआप चालत नाही. शेवटच्या डिक्लरेशनवर सही पार्टवाल्याची नसते, तुमची असते.

म्हणून तीन सवयी लावा. पार्ट घेताना मॅन्युअलमधलं ईएमसीचं पान आधी वाचा. ड्राइव्ह कारखान्यासाठी आहे की घरगुती वस्तीत चालेल, हे तिथेच लिहिलेलं असतं. त्या अटी ड्रॉइंगवर उतरवा, म्हणजे वायरमनला अंदाज करावा लागणार नाही. आणि सर्वांत वाईट जोडणी, म्हणजे सगळ्या मोटर सुरू, सर्वांत लांब केबल, अशी करून लॅबमध्ये मोजून घ्या.

त्या मालकांनी कंटेनर पुढे ढकलला. मनाविरुद्धच. पण सही मोजून झाल्यावर केली.

तुमच्या पॅनेलचं दार उघडून आज एकदा शिल्डच्या शेपट्या मोजा. भेटू पुढच्या भागात.