कानातली भणभण आणि घरातली वीज



लॅपटॉपला हेडफोन लावला की गाण्यामागे एक भणभण ऐकू येते. ती का येते आणि कशी घालवावी, एवढाच आजचा विषय आहे. व्याख्यानाला तो किरकोळ वाटेल. परंतु मुले हेडफोन लावून शिकतात, नोकरदार मंडळी हेडफोन लावून बैठका घेतात, तेव्हा हे दुखणे आता घरोघरचे झाले आहे. शिवाय या भणभणीच्या पोटी कधी कधी एक गंभीर गोष्ट दडलेली असते. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

भणभण सुरू झाली की आपण प्रथम काय करतो? नवा हेडफोन आणतो. त्यातही तोच आवाज आला की लॅपटॉपला बोल लावतो. वैद्याने नाडी न पाहताच औषधे बदलीत जावे, तसा हा प्रकार आहे. निदान आधी, उपचार मागाहून; आणि या निदानाचा नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि कान देऊन ऐकावे.

पहिली परीक्षा हेडफोनची. तो काढून मोबाइलला लावावा. तेथेही आवाज आला तर दोष हेडफोनचा समजावा. पिन फिरवताना खरखर होत असेल, तर पिन मळलेली असते किंवा तिच्या गळ्याशी तार आतून तुटत आलेली असते. पिन कोरड्या फडक्याने पुसून पाहावी. तेवढ्याने भागले नाही तर तार बदलावी.

दुसरी परीक्षा चार्जरची. तो काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. भणभण तत्क्षणी थांबली, तर ती विजेच्या वाटेने येत होती हे सिद्ध झाले. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आंदोलने घेते. तिचा उपद्रव ५० किंवा दुप्पट, म्हणजे १०० आंदोलनांच्या खर्जात ऐकू येतो. व्हॉल्व्हच्या रेडिओतील कंडेन्सर निकामी झाला म्हणजे जो घुमारा निघे, तो याच कुळातला. हलक्या प्रतीचा चार्जरही असा त्रास देतो. म्हणून दुसरा योग्य चार्जर लावून पाहावा.

चार्जर काढूनही आवाज राहिला, तर तिसरी परीक्षा. माउस हलवला किंवा पान सरकवले की आवाजाचा सूर बदलतो का, हे पाहावे. बदलत असेल, तर यंत्राच्या आतील मंडलांची गडबड ध्वनीच्या मंडलात शिरत आहे. अशा वेळी यूएसबीला जोडायचे छोटे ध्वनियंत्र घ्यावे. ध्वनी त्या गर्दीच्या बाहेर तयार होतो आणि बहुधा स्वच्छ येतो. मायक्रोफोनचा आवाज हेडफोनमध्ये परत सोडण्याची सोय चालू राहिली असेल, तर ती बंद करावी. टू-जी मोबाइल शेजारी असेल तर तो दूर ठेवावा. तो सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचे झटके सोडतो, आणि त्यांची टरटर तारेत उतरते.

आता ती गंभीर गोष्ट. तीन पिनांच्या चार्जरमधून अगदी सूक्ष्म प्रवाह झिरपतो. तो जाड पिनेच्या वाटेने जमिनीत जावा अशी योजना असते. घराचे अर्थिंग तुटले असेल तर ती वाट बंद होते. मग लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर २३० व्होल्टच्या जवळजवळ निम्मा दाब उभा राहू शकतो. हेडफोन भणभणतो आणि बोटांना झिणझिण्या येतात. दोन पिनांच्या चार्जरला ही वाट मुळातच नसते, म्हणून तेथे झिणझिण्या आल्या तरी तेवढ्यावरून घराला दोष देता येत नाही. परंतु तीन पिनांचा चार्जर असूनही असे होत असेल, तर हयगय करू नये. हा प्रवाह स्वतः सहसा इजा करीत नाही. पण तेच अर्थिंग गीझर आणि कपडे धुण्याचे यंत्र यांचेही रक्षण करीत असते. तेथे जिवंत तार पत्र्याला चिकटली आणि अर्थिंग नसले, तर फ्यूज उडत नाही. पत्र्याला हात लावणाऱ्या माणसाच्या देहातूनच विजेला वाट मिळते.

लॅपटॉप ॲम्प्लिफायरला जोडला असता दोहोंच्या अर्थिंगचे कडे तयार होऊन घुमारा उठतो. तेव्हा काही लोक जाड पिनच मोडून टाकतात. घुमारा थांबतो, हे खरे. पण त्याबरोबर संरक्षणही जाते. हा उपाय कृपा करून कोणी करू नये. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावावी, किंवा ध्वनीच्या तारेत आयसोलेटर बसवावा. पिनेला हात लावू नये.

तेव्हा आवाज थांबला म्हणजे दोष गेला, असे मानू नका. चार्जर लावल्यावर भणभण आणि झिणझिण्या दोन्ही येत असतील, तर दुकानात हेडफोन शोधण्याआधी जाणत्या वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.